एकवीस दिवस आणि पुढचे आठ आठवडे

कोंबडीपालनाच्या बहुतेक मार्गदर्शिकांत खुडूक कोंबडीच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो, आणि तोही दोषांच्या प्रकरणात. अंडी देणं थांबवलेली, खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली, हात नेला की टोचणारी कोंबडी ओळखावी आणि कळपातून काढावी, नाहीतर तिचा खुडूकपणा मोडावा, असा सल्ला तिथे असतो. पिंजऱ्यात हजारो लेयर ठेवणाऱ्याला तो बरोबरच आहे. पण परसात सहा-सात गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि त्यांच्यामागे धावणारी पिल्लं एवढाच ज्यांचा पसारा आहे, त्यांच्या घरात खुडूक कोंबडीशिवाय पुढचं वर्ष उगवत नाही. तिथे वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, विकतचं पिल्लू लागत नाही. तिने बसायचं मनावर घेतलं तर पावसाळ्यानंतर घरात तलंगा असतात, नाही घेतलं तर नसतात.

हे पुस्तक त्या कोंबडीसाठी आणि तिला बसवणाऱ्या माणसांसाठी लिहिलं आहे. ती माणसं बहुतेक बायका आहेत. कोंबडी कधी बसवायची, कुठल्या पाटीत बसवायची, किती अंडी खाली ठेवायची हे त्यांना सासूकडून, आईकडून, शेजारणीकडून कळलेलं असतं आणि त्यातलं बरंचसं शास्त्राच्या कसोटीवर उतरतं. अंडी उबवण्याच्या कामात त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे. माझा सगळा भर त्यानंतरच्या काळावर आहे. गावठी कोंबडीखालच्या दहा अंड्यांतली आठ फुटतात, हा सर्वसाधारण अनुभव. पण त्या आठ पिल्लांतली दोन महिन्यांनी किती उरतात, असं विचारलं की उत्तर येतं, तीन. कधी चार. कधी एकही नाही. एकवीस दिवस कोंबडी आपलं काम चोख करते, आणि पुढच्या आठ आठवड्यांत आपण ते वाया घालवतो.

विसाव्या पशुगणनेत, म्हणजे २०१९ मध्ये, देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले जवळपास ३१ कोटी ७० लाख परसातले होते. आधीच्या गणनेपेक्षा हा परसातला आकडा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. परसातली कोंबडी संपत चालली आहे, या समजाला त्यामुळे आधार उरत नाही. ती आहे, वाढतेही आहे. मात्र ती बदलते आहे, आणि त्या बदलात बसणारी कोंबडी मागे पडते आहे.

खुडूक होणं म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक जास्त प्रमाणात स्रवू लागतं. अंडी घालायला लावणारी संप्रेरकं ओसरतात, अंडाशय आक्रसतो, तुरा फिका पडतो. छाती-पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथल्या रक्तवाहिन्या भरून येतात, म्हणजे ऊब थेट अंड्याला पोचावी. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. यंत्रात अंडी ३७.५ अंशांवर ठेवावी लागतात, आणि कोंबडी अंगाखालचा हा हिशेब बसल्या बसल्या सांभाळते. कडेची अंडी मधे घेते, मधली कडेला सरकवते, दिवसातून कितीतरी वेळा चोचीने फिरवते. दिवसाकाठी एकदा, क्वचित दोनदा उठते. तेवढ्या वेळात दाणा टिपायचा, पाणी प्यायचं, मातीत लोळायचं आणि एकच मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून परतायचं. तीन आठवड्यांत तिचं वजन डोळ्यांना दिसेल इतकं उतरतं. ज्या घरात तिला या काळात पसाभर मका किंवा ज्वारी समोर मिळते, तिथली कोंबडी पिल्लांमागे धावायला ताकदीने उठते. जिथे ती उपाशी बसते, तिथे ती कधीकधी अठराव्या दिवशी अंडी सोडून देते. दोष तिला लागतो.

ही वृत्ती तिच्याकडे रानातून आली. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. त्याची मादी जमिनीवर, झुडपाखाली, पाल्यात पाच-सहा अंडी घालून बसते. आपल्या सह्याद्रीतला करडा रानकोंबडा हा त्याचा भाऊबंद. २००८ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की कोंबडीच्या पायांना आणि कातडीला पिवळा रंग देणारं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलं नसून करड्याकडून आलेलं आहे. जगभरातल्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या दख्खनच्या रानाचा एवढा वाटा आहे. विषयाला थोडं सोडून झालं, पण परसातल्या कोंबडीकडे बघताना हे माहीत असलेलं मला बरं वाटतं.

पुढे अंडी उबवणारी यंत्रं आली आणि व्यापाराचं गणित फिरलं. यंत्र एका वेळी हजारो अंडी उबवू शकतं, मग कोंबडीने बसून दोन-तीन महिने अंडी का बुडवावीत? म्हणून न बसणाऱ्या कोंबड्यांची पैदास पिढ्यान् पिढ्या निवडून केली गेली. पांढरी लेगहॉर्न हे त्याचं सगळ्यांत पुढे गेलेलं उदाहरण. आजची व्यापारी लेयर वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते आणि सहसा खुडूक होत नाही. गावठी कोंबडी चाळीस ते साठ देते. ती दहा-पंधरा अंडी घालते, तीन आठवडे बसते, दोन-अडीच महिने पिल्लं सांभाळते, मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाला असे तीन-चार फेरे. नुसती अंडी मोजली तर ती हरते. पण तिच्या प्रत्येक फेऱ्यात एक पिढी आहे, आणि त्या पिढीसाठी घराच्या खिशातून जवळजवळ काहीच जात नाही.

मधला मार्ग म्हणून सुधारित जाती आल्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज तयार केली, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज. परसात फिरणाऱ्या, गावठीसारख्या रंगीत, वर्षाला शंभरावर अंडी देणाऱ्या या कोंबड्या महाराष्ट्रातही घरोघर गेल्या. पुण्यात खडकीला असलेल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणांहून एक दिवसाची पिल्लं गावोगाव पोचतात. या कोंबड्यांबद्दल माझं वाईट मत नाही. त्या अंडी देतात, वजन धरतात, त्यांना गिऱ्हाईक मिळतं. त्यांची अडचण एकच, त्या बसत नाहीत. शिवाय त्या संकरित आहेत, त्यामुळे त्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांत आईबापांचे गुण तसेच उतरतील याची खात्री नसते. म्हणजे दर दीड-दोन वर्षांनी पिल्लं पुन्हा विकत आणायची. विदर्भातल्या एका आजींनी मला हे दोन वाक्यांत सांगितलं होतं. "ही कोंबडी लई गुणाची हाय बापा, पण हिला लेकराचं काही पडलं नाही. लेकरासाठी मले जुनीच लागते."

म्हणून माझा आग्रह असा, की सुधारित कोंबड्या हव्या तेवढ्या ठेवा, पण त्यांच्यासोबत दोन-तीन चांगल्या बसणाऱ्या गावठी कोंबड्या घरात असल्याच पाहिजेत. सुधारित कोंबडीची फलित अंडी त्यांच्याखाली घाला. विकत आणलेली एक दिवसाची पिल्लंही त्यांना लावून द्या. कडकनाथ पाळणाऱ्यांना तर हे फार गरजेचं आहे, कारण कडकनाथ बसण्यात पक्की मानली जात नाही. असीलची मादी उलट जिवापाड बसते, पण अंगाने जड असल्यामुळे तिच्याखाली अंडी फुटण्याचा धोका असतो. दीड किलोच्या आत-बाहेरची, शांत स्वभावाची, आधी एकदा तरी पिल्लं वाढवलेली गावठी कोंबडी सगळ्यांत उत्तम. अशी कोंबडी घरात असेल तर पाहुण्यांसाठी तिला कापू नका. कोंबडी विकायची वेळ आली की सगळ्यांत आधी जुनी, म्हातारी होऊ लागलेली कोंबडी बाजारात जाते, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. तिच्याबरोबर काय जातं, हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

बसवण्याची तयारी पुस्तकाच्या पहिल्या भागात सविस्तर आहे. इथे थोडंसंच सांगतो. कोंबडी खुडूक झाल्यासारखी वाटली की लगेच चांगली अंडी तिच्याखाली घालू नयेत. दोन-तीन दिवस एखाद-दुसऱ्या जुन्या अंड्यावर बसू द्यावं, रात्रीही ती जागा सोडत नाही ना ते पाहावं. जागा बदलायची असेल तर अंधारात बदलावी. पाटी बांबूची असावी, तळाशी राखेचा थर, वर कोरडा पेंढा, मधे किंचित खोलगट. प्लॅस्टिकच्या टोपल्यात हवा खेळत नाही आणि ओल धरते. पेंढ्यात कडुनिंबाचा पाला किंवा तंबाखूची दोन पानं ठेवण्याची रीत चांगली आहे. लाल गोचिडीसारखे बारीक किडे रात्री कोंबडीचं रक्त पितात, तिला बसू देत नाहीत, आणि बिचारी उठली की सगळे म्हणतात ही कच्ची निघाली. काही घरांत पाटीत कोळसा, लोखंडी खिळा आणि लाल मिरची ठेवतात, विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून. त्याने काही नुकसान नाही, ठेवावं. फक्त अंडी बिघडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा त्या कडकडाटाच्या महिनाभर आधी घडून गेलेलं असतं, आणि ते असतं ऊन.

अंड्यातला जीव साधारण २५-२७ अंशांच्या वर गेला की वाढायला लागतो. चैत्र-वैशाखात खानदेशात किंवा विदर्भात घरातली हवासुद्धा याच्या कितीतरी वर असते. कोंबडी बसायच्या आधीच गोळा करून ठेवलेल्या अंड्यांत वाढ अर्धवट सुरू होते आणि थांबते, आणि मग ती अंडी कितीही उबवली तरी फुटत नाहीत. ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात, टोक खाली करून ठेवलेली अंडी उन्हाळ्यात जास्त टिकतात. पण तरीही आठवड्यापेक्षा जुनं अंडं बसवू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत शक्यतो कोंबडी बसवूच नये. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. पावसाळ्यात अंडी नीट फुटतात, पण पिल्लं ओलीने जातात. थंडीत कोंबडीखाली बारापेक्षा जास्त अंडी ठेवायचा मोह आवरावा. कडेची अंडी गार पडतात, आणि कोंबडी अदलाबदल करत असल्यामुळे गारवा आळीपाळीने सगळ्यांनाच लागतो.

सातव्या रात्री अंधारात टॉर्चवर अंडं धरून पाहावं. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मधे एक गडद ठिपका. कोरं, स्वच्छ दिसणारं अंडं काढून घ्यावं, म्हणजे उरलेल्यांना जागा होते. अठराव्या दिवसानंतर पाटीला हात लावू नये. आतली पिल्लं त्या सुमारास किलबिलू लागतात, कोंबडी हलक्या आवाजात त्यांना उत्तर देते आणि बाहेर येण्याआधीच आईचा आवाज त्यांच्या ओळखीचा होतो. कवच टोचल्यापासून पिल्लू पुरतं बाहेर यायला बारा-चोवीस तास लागू शकतात. या काळात ते अडलं आहे असं वाटून कवच सोलणारे हात अनेक पिल्लांचा जीव घेतात. आतल्या रक्तवाहिन्या अजून सुकलेल्या नसतात, बलक पोटात ओढला गेलेला नसतो. तोच बलक पिल्लाला पहिले दोन-तीन दिवस पोसतो. त्यामुळे पहिलं पिल्लू निघाल्यावरही कोंबडी मागाहून येणाऱ्यांसाठी दीड-दोन दिवस बसून राहू शकते, आणि त्याच बलकाच्या जोरावर उबवणी केंद्रांतली पिल्लं दाण्यापाण्याशिवाय दूरचा प्रवास करतात.

एवढं झाल्यावर ती उठते, आणि मला ज्याबद्दल लिहायचं आहे ते इथून सुरू होतं.

पिल्लांसोबतच्या कोंबडीकडे नीट पाहिलं तर ती दिवसभर शिकवत असते. दाणा सापडला की विशिष्ट आवाज काढते, उचलते, टाकते, पुन्हा उचलते, पिल्लू येऊन टिपेपर्यंत. ब्रिस्टल विद्यापीठातल्या ख्रिस्टीन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९६ साली यावर प्रयोग केला. एका रंगाचा दाणा वाईट आहे हे कोंबडीला आधी शिकवलं आणि तिची पिल्लं तसाच दाणा खाताना तिला दाखवली. आपली पिल्लं चुकत आहेत असं दिसताच तिने टोचणं-उकरणं वाढवून त्यांना आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. त्याच विद्यापीठात २०११ मध्ये झालेल्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तर पाहणाऱ्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले. गावातल्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही, हे खरं. पण जी गोष्ट तिला रोज दिसते ती मोजून सिद्ध झाली, याला महत्त्व आहे. कोंबडीची माया हा आपला भाबडा समज आहे, असं म्हणणाऱ्यांना आता उत्तर देता येतं.

धोक्याचे आवाजही वेगळे. वरून घार किंवा शिक्रा आला तर एक, जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आलं तर दुसरा. पहिल्याला पिल्लं जागच्या जागी दबून बसतात किंवा आईच्या पंखाखाली घुसतात, दुसऱ्याला सगळा कळप मान उंचावून कलकल करतो. आईबरोबर वाढलेली पिल्लं दिव्याखाली वाढलेल्यांपेक्षा कमी घाबरट असतात आणि पुढे एकमेकांची पिसंही कमी उपटतात.

तरीही ती मरतात. आईने शिकवायचं ते शिकवलं, झाकायचं तेवढं झाकलं, पण तिच्या पंखांबाहेरच्या चार गोष्टी तिला आवरत नाहीत. शिकारी, ओल, भूक आणि रोग. या चारही गोष्टी माणसाच्या हातातल्या आहेत.

शिकाऱ्याला उत्तर डालगं. पहिले तीन आठवडे पिल्लं आईसह दिवसाचा बराच वेळ डालग्याखाली ठेवावीत, सावलीत, कोरड्या जागी, आणि जागा रोज बदलावी. कोंबडीला दोन वेळा बाहेर सोडायचं, पिल्लं आतच. वाढत्या वयाची पिल्लं मोकळी सोडली तरी घारीच्या वेळा, म्हणजे सकाळचं ऊन वर आल्यानंतरचे तास, टाळता येतात. शेतावर राहायला जाताना कोंबडी-पिल्लं डालग्यासकट डोक्यावर नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आठ पिल्लं घरी सोडून गेल्यावर संध्याकाळी किती मोजायला मिळतील हे त्यांना पुरतं माहीत असतं. रात्रीसाठी खुराड्याची फट न् फट बुजवावी. मुंगसाला फार मोठी वाट लागत नाही.

भुकेचं गणित वेगळं आहे. मोठी कोंबडी उकिरड्यावर, शेतात, गोठ्यात स्वतःचं पोट भरते आणि आपल्याला वाटतं पिल्लंही भरत असतील. पहिल्या महिन्यात त्यांच्या वाढीला प्रथिनं लागतात, आणि अंगणात सांडलेल्या तांदळाच्या कणीत ती पुरेशी नसतात. शिवाय टाकलेला दाणा मोठ्या कोंबड्या आधी संपवतात. म्हणून पिल्लांना पुरेल एवढ्या फटीतून आत जाता येईल, मोठ्यांना येणार नाही, अशा डालग्याखाली त्यांचं खाणं वेगळं ठेवावं. कणी, भरडलेली नाचणी किंवा मका, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट. सातव्या रात्री काढलेलं कोरं अंडं उकडून, कुस्करून दिलं तर तेही वाया जात नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांत शेण आणि काड्यांनी भरलेलं मडकं रात्री वाळवीच्या वाटेवर पालथं घालतात आणि सकाळी पिल्लांपुढे उलटं करतात. वाळवी आपल्याकडेही काही कमी नाही. पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून ठेवावं. खोल भांड्यात बुडून मेलेली पिल्लं हा निव्वळ आपला निष्काळजीपणा.

ओल आणि रोग यांचं नातं जवळचं. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण येते ती ओल्या, विष्ठेने भरलेल्या जागेतून. तिथे राख आणि चुना टाकून जमीन कोरडी ठेवणं हा निम्मा इलाज आहे, आणि विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकाकडून औषध आणणं हा उरलेला निम्मा. डासांमार्फत पसरणारी देवी पावसाळ्यात तुऱ्यावर, डोळ्यांभोवती फोड आणते. पण सगळ्यांत मोठा संहार मानमोडीचा. तिचं शास्त्रीय वाङ्मयातलं आपल्याकडचं नाव राणीखेत, कारण १९२०च्या दशकाच्या अखेरीस भारतात तिची नोंद कुमाऊँमधल्या त्या गावावरून झाली. पिल्लाची मान वळते, पंख लोंबतात, हिरवी हगवण लागते आणि आठवडाभरात अख्खी वाडी रिकामी होते. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकली की खालची वाडीही रिकामी होते. यावर औषध नाही. लस आहे, आणि मोठ्या पिल्लांसाठीची आपल्याकडची जुनी लस मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४०च्या दशकातच तयार झाली होती. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब, सहा ते आठ आठवड्यांत पंखाखाली दुसरी लस. एवढ्याने मानमोडीचा धोका खूप कमी होतो.

खुडूकपणा मोडण्याबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण प्रत्येक खुडूक कोंबडी बसवायची नसते. उन्हाळ्यात, अंडी नसताना, किंवा कोंबडी अशक्त असताना तिला उठवणंच बरं. त्यासाठी काही ठिकाणी तिच्या नाकात पीस खुपसतात, पाय बांधतात, गार पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवतात. नाकात पीस खुपसण्याचा प्रकार मला सहन होत नाही, आणि त्याची गरजही नाही. खालून हवा लागेल अशा बांबूच्या किंवा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पेंढा न घालता, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवलं की पोटाखालची ऊब जाते, प्रोलॅक्टिन उतरतं आणि बहुतेक कोंबड्या आपणहून उठतात. नंतर दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर येतात.

पोरकी किंवा विकत आणलेली पिल्लं लावायची असतील तर ती एक-दोन दिवसांचीच असावीत, आणि रात्री, अंधारात, एकेक करून पंखाखाली सरकवावीत. पिल्लू पहिल्या काही दिवसांत जिच्यामागे चालायला शिकतं तिलाच आई मानतं, हे डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने १८७३ मध्येच लिहून ठेवलं आहे. आठवड्याच्या पिल्लाला नवी आई पटत नाही आणि आईलाही ते पटत नाही. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास तिथे बसून पाहावं. ती टोचते आहे की हाक मारते आहे, हे तेवढ्यात कळतं.

आता लशीकडे परत येतो, कारण पुस्तकाची रचना त्यावरच बेतली आहे. लस स्वस्त आहे, पण तिची बाटली बहुधा शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. फोडल्यावर ती बर्फावर ठेवून तासा-दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी ठेवता येत नाही. ज्या घरात एका कोंबडीमागे आठ पिल्लं आहेत, तिथे एवढी बाटली कोण फोडणार, आणि तालुक्याहून बर्फाच्या डब्यातून ती आणणार कोण? म्हणून परसातली पिल्लं बिनलसीची राहतात. यावरचा उपाय दवाखान्यात नाही, कोंबडीच्या बसण्याच्या दिवसात आहे. वाडीतल्या पंधरा घरांनी आपापल्या खुडूक कोंबड्या खोट्या अंड्यांवर थोपवून धरल्या आणि ठरवलेल्या एकाच रात्री सगळ्यांखाली चांगली अंडी घातली, तर बाविसाव्या दिवशी वाडीत शंभरावर पिल्लं एका वयाची असतात. बाटली पुरी लागते, लस देणारा प्रत्येक मात्रेला एकदाच येतो, वर्गणी पाच-दहा रुपयांच्या घरात बसते. कोंबडी आठ-दहा दिवस खोट्या अंड्यांवर बिनतक्रार बसून राहते, फक्त तिचा दाणा वाढवावा लागतो. वाडीतल्या कुणाची कोंबडी अर्ध्यात उठली तर तिची अंडी शेजारच्या दोघींत वाटता येतात, आणि जिच्याखाली तीनच पिल्लं निघाली तिची दुसरीला लावून तिला लवकर अंड्यावर आणता येतं.

शेवटच्या प्रकरणात अशा एकत्र बसवणीचं वेळापत्रक दिलं आहे, दसऱ्याच्या आठवड्यात अंडी घालायची असं धरून. कोंबडी कोणाच्या घरी, अंडी किती, फुटली किती, पहिल्या थेंबाची तारीख, आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी उरलेली पिल्लं किती, असे रकाने कोरे सोडले आहेत. ते वाडीने एकत्र बसून भरायचे आहेत, आणि शेवटचा रकाना टाळायचा नाही.